मत देण्याआधी आणि दिल्यानंतर : ब्रिस्टल, ऑक्टोबर १७७४

६ ऑक्टोबर १७७४, गुरुवार. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात दुसऱ्या दिवशी पार्लमेंटच्या निवडणुकीचे मतदान सुरू व्हायचे होते. मेथडिस्ट या ख्रिस्ती धर्मजागृतीच्या चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी आपल्या तिथल्या सोसायटीतल्या मताधिकार असलेल्या लोकांना एकत्र बोलावले आणि त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. त्यांच्या रोजनिशीत त्या क्रमाने नोंदवलेल्या आहेत. कसलाही मोबदला किंवा बक्षीस न घेता, तुम्हाला जो सर्वांत लायक वाटतो त्याला मत द्या. ज्याच्या विरोधात मत दिले त्याच्याविषयी वाईट बोलू नका. आणि ज्यांनी दुसऱ्या बाजूला मत दिले त्यांच्याविरुद्ध आपल्या मनाला धार चढू देऊ नका.

नोंद एवढीच. ख्रिस्ती माणसाने मतदान का करावे यावर उपदेश पुष्कळ होतात. कोणाला करावे यावर कुजबुजही पुष्कळ होते. पण मत कसे द्यावे, आणि देऊन झाल्यावर मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, परत येऊन कसे बसावे, यावर फार थोडे बोलले जाते. वेस्लींनी त्या दिवशी नेमके तेच केले. म्हणून हे प्रकरण बारकाईने पाहायला हवे, त्यातल्या उणिवांसकट.

शहर, उमेदवार आणि तापलेली हवा

राजा तिसरा जॉर्ज याने ३० सप्टेंबरला पार्लमेंट मुदत संपण्याआधीच विसर्जित केले होते. अमेरिकेतल्या वसाहती बिथरलेल्या होत्या. आदल्या वर्षीच्या डिसेंबरात बोस्टनच्या बंदरात निदर्शकांनी चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या होत्या, त्याला उत्तर म्हणून लंडनने कडक कायदे केले होते, आणि सप्टेंबरपासून वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमून विचारविनिमय करत होते. ब्रिस्टलला हे सारे दुरून पाहणे परवडणारे नव्हते. अटलांटिकपलीकडच्या व्यापारावर अख्खे शहर पोसले जात होते. अमेरिकेशी नमते घ्यायचे की तिला वठणीवर आणायचे, हा तिथे पोटापाण्याचा प्रश्न होता.

ब्रिस्टलमधून दोन सदस्य निवडून जात आणि प्रत्येक मतदाराला दोन मते असत. लॉर्ड क्लेअर आणि मॅथ्यू ब्रिकडेल हे आधीचे सदस्य पुन्हा उभे होते. त्यांच्यासमोर होता हेन्री क्रूगर, न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला व्यापारी, वसाहतींच्या बाजूचा. पहिल्या दिवसाच्या मतदानानंतर आपली डाळ शिजणार नाही हे ओळखून लॉर्ड क्लेअर यांनी माघार घेतली. तेव्हा रिचर्ड चॅम्पियन या क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्याने आणि त्याच्या मित्रांनी राजकारणी आणि विचारवंत एडमंड बर्क यांचे नाव पुढे केले. बर्क तेव्हा यॉर्कशायरमध्ये होते, तिथल्या माल्टनमधून नुकतेच निवडून आलेले. ते घाईने निघाले आणि १३ ऑक्टोबरला ब्रिस्टलला पोहोचले.

तारखा मुद्दाम दिल्या. वेस्लींनी सल्ला दिला त्या गुरुवारी बर्क रिंगणात नव्हते. समजा, वेस्लींनी त्या दिवशी दोन नावे सुचवली असती, तर तो सल्ला दोन-तीन दिवसांत शिळा झाला असता आणि त्यांच्या लोकांना पुन्हा विचारायला यावे लागले असते, ‘आता कोणाला?’ त्यांनी निर्णयाची कसोटी लोकांच्या हाती दिली आणि नाव त्यांच्यावर सोडले. उमेदवार बदलले तरी सल्ला लागू राहिला.

मत देणे म्हणजे तेव्हा काय होते

आजच्या वाचकाने एक गोष्ट डोळ्यांसमोर आणली नाही तर हे प्रकरण अर्धेच कळेल. इंग्लंडमध्ये गुप्त मतदान आले ते १८७२ च्या कायद्याने. १७७४ मध्ये मत उघड होते. मतदार कारकुनासमोर उभा राही. नाव, पेशा आणि राहण्याचे ठिकाण सांगे. मागणी झाली तर शपथ घ्यावी लागे. १७२९ च्या कायद्याने घालून दिलेली ही शपथ अशी की, या मतासाठी मी स्वतः किंवा माझ्या वतीने दुसऱ्या कोणी, थेट वा आडमार्गाने, पैसा, बक्षीस, नोकरी वा त्याचे वचन घेतलेले नाही. मग भर गर्दीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो उमेदवारांची नावे घेई. कारकून ती लिहून घेई. पुढे या याद्या छापल्या जात आणि विकल्या जात. १७७४ च्या ब्रिस्टलच्या निवडणुकीचीही अशी छापील यादी आहे.

मत देणारा कोण? शहराचे ‘फ्रीमन’, म्हणजे जन्माने, एखाद्या कारागिराकडे शिकाऊ म्हणून काम करून किंवा पैसे भरून शहराचा हक्क मिळवलेले पुरुष, आणि वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची जमीन असलेले. फ्रीमनच्या मुलीशी किंवा विधवेशी लग्न केले तरी हा हक्क मिळे. बाईच्या नात्याने नवऱ्याला मत मिळे, तिला स्वतःला नाही. मेथडिस्ट सोसायट्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. म्हणजे त्या गुरुवारच्या बैठकीत सोसायटीतल्या बऱ्याच जणी नव्हत्याच. मतदारांची संख्या सुमारे पाच हजार. त्यात कारागीर, दुकानदार, खलाशी, जहाजबांधणीवाले असे कष्टकरी लोक पुष्कळ होते. अशा माणसाचा मालक, घरमालक किंवा मोठा गिऱ्हाईक त्याचे मत ऐकत उभा असे. काम जाईल, उधारी बंद होईल, ही भीती खरी होती.

मतदान एका दिवसात आटोपतही नसे. ब्रिस्टलचे मतदान ७ ऑक्टोबरला सुरू झाले आणि नोव्हेंबर उजाडल्यावरच संपले. मध्ये चार रविवार गेले. पहिल्या आठवड्यात मत दिलेला आणि अजून मत न दिलेला, क्रूगरवाला आणि ब्रिकडेलवाला, असे सगळे त्या चार रविवारी एकाच प्रार्थनेला गुडघे टेकत होते, आणि कोणी कोणाला मत दिले हे ज्याला त्याला ठाऊक होते.

पहिला सल्ला आणि सत्तावीस वर्षांत बदललेली कसोटी

लाच घेऊ नका, हे सांगायला वेस्ली कशाला हवेत, असे वाटेल. पण त्या काळी निवडणुकीतले खाणे-पिणे, दारू, प्रवासखर्च, फिती आणि रोख पैसे हे सगळे लोक रिवाज म्हणून स्वीकारत. ‘सगळेच घेतात’ हे उत्तर तेव्हाही तयार होते. वेस्लींनी १७४७ मध्ये मतदारांसाठी एक छोटी पत्रिका लिहिली होती. तिचा पहिलाच प्रश्न लाचेचा आहे. मत द्यायला निघालास ना, मग पैसे घेतले नसशील अशी आशा आहे, कारण शपथ किती कडक आहे हे तुला माहीत आहे. पैसे घेऊन ती शपथ घेणे म्हणजे देवाला साक्षी ठेवून खोटे बोलणे, हे ते तिथे स्पष्ट सांगतात. निर्गमच्या तेविसाव्या अध्यायात लाच डोळसालाही आंधळे करते असे म्हटले आहे. पैसे घेतलेल्या माणसाला लायक कोण हे दिसतच नाही, त्याला फक्त देणारा दिसतो. म्हणूनच वेस्लींच्या पहिल्या सल्ल्यात लाच आणि लायकी या दोन गोष्टी एकाच वाक्यात आल्या असाव्यात असे मला वाटते.

त्याच पत्रिकेत ते म्हणतात की, सगळी निवडणूक तुझ्या एका मतावर अवलंबून आहे आणि सगळे पार्लमेंट तू निवडणार असलेल्या त्या एका माणसावर अवलंबून आहे, असे समजून वाग. ‘माझ्या एका मताने काय होणार’ असे म्हणणाऱ्याला याहून सरळ उत्तर मी वाचलेले नाही.

पण १७४७ आणि १७७४ मध्ये एक फरक आहे. पत्रिकेत वेस्ली कोणाला मत द्यावे हेही सांगतात. देवावर प्रेम करणाऱ्याला द्या. तसा कोणी उमेदवार नसेल तर राजावर प्रेम करणाऱ्याला. पदच्युत स्टुअर्ट घराण्याला गादी परत मिळवून देण्यासाठी झालेले १७४५ चे जेकोबाइट बंड तेव्हा ताजे होते आणि राजनिष्ठेचा प्रश्न ऐरणीवर होता. सत्तावीस वर्षांनी ब्रिस्टलमध्ये ही कसोटी त्यांनी सोडून दिली. देवभक्त, राजभक्त असले काही नाही. ‘तुम्हाला जो सर्वांत लायक वाटतो तो.’ पारख मतदाराने स्वतः करायची. मला हा बदल मोलाचा वाटतो. पाळकाला निर्णय सोपवून मोकळे होण्याची सोय यात राहत नाही. उपासनेला येतो, प्रार्थनेत हात वर करतो, म्हणून उमेदवार लायक, ही पळवाटही बंद होते.

जे सांगितले नाही

वेस्लींना राजकीय मते नव्हती म्हणून ते गप्प राहिले, असे मुळीच नाही. ते राजनिष्ठ टोरी, म्हणजे राजसत्तेची बाजू घेणाऱ्या, घराण्यातले होते आणि स्वतःही त्याच मताचे. १७७२ मध्ये त्यांनी सत्तेच्या उगमावर लिहिताना ठासून सांगितले होते की सत्ता देवाकडून येते, लोकांकडून नाही. लोकांना सत्तेचा उगम न मानणारा हा माणूस लोकांच्या मताला मात्र इतके गंभीरपणे घेतो. मला यात विसंगती दिसत नाही. मत ही माझ्या मालकीची वस्तू असती तर ती विकली काय आणि वाया घालवली काय, माझी मर्जी. पण ती माझ्याकडे सोपवलेली असेल तर हिशोब द्यावा लागतो. कारभारी विश्वासू असला पाहिजे, असे पौल करिंथकरांना लिहितो. वेस्लींच्या दृष्टीने मतदार हा असा कारभारी आहे.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. याच १७७४ मध्ये गुलामगिरीविरुद्धचे वेस्लींचे जळजळीत लिखाण प्रसिद्ध झाले. आणि ब्रिस्टल हे शतकाच्या पूर्वार्धात काही काळ इंग्लंडमधले गुलामांच्या व्यापाराचे अव्वल बंदर होते. त्या पैशावर शहरातले वाडे उभे होते. तरीही मतदारांना दिलेल्या तीन सल्ल्यांत गुलामगिरीचा शब्दही नाही. माणसांची खरेदी-विक्री ज्याला चालते तो उमेदवार लायक कसा, हा प्रश्न त्या बैठकीत विचारायला हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. नाव न घेणे वेगळे आणि पाप न सांगणे वेगळे. व्यासपीठाने उमेदवाराचे नाव घेऊ नये. पण दुर्बळाचा न्याय, परक्याचे संरक्षण, खरे बोलणे, या कसोट्या पवित्र शास्त्रातूनच येतात आणि त्या मतदानाच्या आठवड्यात सांगायच्या नाहीत तर केव्हा सांगायच्या? वेस्लींच्या बाजूने इतके नोंदवायला हवे की ते या प्रश्नावर शेवटपर्यंत गप्प बसले नाहीत. २४ फेब्रुवारी १७९१ ला, मृत्यूच्या आठवडाभर आधी, त्यांनी खासदार विल्यम विल्बरफोर्स यांना पत्र लिहून या व्यापाराविरुद्धची लढाई सोडू नका असा धीर दिला. निवडून गेलेल्या माणसाच्या पाठीशी उभे राहणे हाही नागरिकाच्या कर्तव्याचाच भाग आहे.

दुसरा आणि तिसरा सल्ला

पहिला सल्ला कायद्यातही होता. पुढचे दोन त्या कायद्यात नव्हते. कोणाची निंदा करू नये, असे तीताला लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो, आणि तेही सत्ताधीशांच्या अधीन राहण्याविषयी बोलताना, लगेच पुढच्या ओळीत. वेस्लींचा दुसरा सल्ला तिथलाच आहे. उमेदवाराच्या धोरणावर बोला, त्याच्या कामाचा हिशोब मागा. पण पडलेल्या उमेदवाराच्या चारित्र्यावर, घरादारावर, जन्मावर शिंतोडे उडवणे आपले काम नाही.

तिसरा सल्ला मला या सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतो. उमेदवार दूरचा असतो, त्याच्याविषयीचा राग दूरचा असतो. दुसऱ्या बाजूला मत देणारा मात्र शेजारच्या बाकावर असतो. मेथडिस्ट सोसायट्यांची रचनाच अशी होती की लोक डझनभर माणसांच्या छोट्या वर्गांत दर आठवड्याला भेटत आणि आपल्या जिवाचे कसे चालले आहे ते एकमेकांना मोकळेपणाने सांगत. अशा वर्गात एकाने क्रूगरचे नाव घेतले आहे आणि दुसऱ्याने ब्रिकडेलचे, आणि दोघांनाही ते माहीत आहे. आता पहिल्याने आपला मोह, आपले घसरणे दुसऱ्यासमोर कसे सांगावे? मन एकदा ताठरले की तो सांगणार नाही. वरवरचे काही बोलेल आणि घरी जाईल. वर्ग चालू राहील, हजेरी लागेल, पण आतले सगळे वाळून जाईल.

वेस्लींनी मतभेद टाळायला सांगितले नाही, सगळ्यांनी मिळून एकाच बाजूला मत द्या असेही सांगितले नाही. सोसायटीत दोन्ही बाजूंचे लोक असणार हे त्यांनी गृहीतच धरले. ‘दुसऱ्या बाजूला मत देणारे’ हे त्यांच्या दृष्टीने बाहेरचे कोणी नव्हते. एकगठ्ठा मतांचा हिशोब मांडणाऱ्या पुढाऱ्यांना आणि तो मांडू देणाऱ्या पाळकांना हे पचणार नाही. पण मंडळीचे ऐक्य एका मतावर टिकत असेल तर ते प्रभूमुळे टिकलेले नाही, हे मान्य करावे लागेल. आणि वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, असे येशूने सांगितले तेव्हा राजकारणामुळे दुरावलेल्या भावाला त्याने वगळले नव्हते.

पुढे काय झाले

२ नोव्हेंबरला मतदान संपले. क्रूगर ३,५६५, बर्क २,७०७, ब्रिकडेल २,४५६. माघार घेतलेल्या लॉर्ड क्लेअर यांच्या नावावर २८३ मते राहिली. मतदान चालू असताना नवे फ्रीमन दाखल करून घेतले, अशी तक्रार ब्रिकडेल यांनी पार्लमेंटकडे नेली. ती फेटाळली गेली. ३ नोव्हेंबरला बर्क यांनी मतदारांसमोर ते प्रसिद्ध भाषण केले. प्रतिनिधीने तुमच्यासाठी नुसते राबायचे नसते, आपली विवेकबुद्धीही वापरायची असते, आणि ती तुमच्या मतापुढे गहाण टाकली तर तो तुमची सेवा नव्हे, दगाबाजी करतो, असा त्याचा आशय. मतदारांनी आपली पारख वापरावी असे वेस्ली सांगतात, तर निवडून आल्यावर मी माझी वापरीन असे बर्क सांगतात. सहा वर्षांनी, १७८० मध्ये, आयर्लंडचा व्यापार आणि कॅथलिकांना सवलती या प्रश्नांवर मतदार दुरावल्यावर बर्क यांना ब्रिस्टलमधून माघार घ्यावी लागली.

आणि तिसरा सल्ला? त्याची परीक्षा वर्षभरातच झाली, तीही खुद्द वेस्लींची. जून १७७५ मध्ये त्यांनी पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांना लिहिले होते की अमेरिकेतले लोक पिचलेले आहेत आणि आपल्या कायदेशीर हक्कांपलीकडे काही मागत नाहीत. काही महिन्यांतच त्यांनी वसाहतींना उद्देशून एक पत्रिका काढली आणि तिच्यात सरकारची बाजू घेतली. तिचा मोठा भाग सॅम्युएल जॉन्सन यांच्या लिखाणातून, त्यांचे नाव न देता, उचललेला होता. पत्रिका हजारोंनी खपली. ब्रिस्टलमधलेच बॅप्टिस्ट पाळक केलेब इव्हान्स यांनी, बाजू बदलली म्हणून, वेस्लींना जाहीर जाब विचारला. आजही गायल्या जाणाऱ्या एका सुंदर गीताचे कवी ऑगस्टस टॉपलेडी यांनी तर वेस्लींना म्हातारा कोल्हा म्हणणारी पत्रिका छापली. एकाच प्रभूचे तीन सेवक, तिघेही विद्वान, तिघेही प्रार्थनाशील. निंदा करू नका, मनाला धार चढू देऊ नका, हे सांगणे एक आणि लेखणी हाती असताना पाळणे दुसरे.

या प्रकरणातून मंडळीने काय घ्यावे

आधी एक आक्षेप. आपले नागरिकत्व स्वर्गात आहे, मग इथल्या निवडणुकीशी आपला काय संबंध, असे मनापासून म्हणणारे विश्वासू लोक आहेत. वचन फिलिप्पैकरांस पत्रातले आहे. पण ज्या फिलिप्पैतल्या लोकांना पौलाने ते लिहिले, त्याच गावात त्याला चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकले गेले होते. दुसऱ्या दिवशी अधिकारी गुपचूप सोडून द्यायला निघाले, तेव्हा तो अडून बसला. आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असे त्याने बजावले. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात हे सगळे आहे. स्वर्गाच्या नागरिकाने पृथ्वीवरचा हक्क टाकून दिला नाही, योग्य वेळी वापरला. यिर्मयाने तर बाबेलच्या बंदिवासातल्यांनाही त्या परक्या नगराच्या हितासाठी झटायला आणि प्रार्थना करायला सांगितले. झटण्याची जी साधने आपल्याला मिळाली आहेत त्यांत मत हे एक आहे. ते न वापरणे म्हणजे तटस्थ राहणे नव्हे. निर्णय मग दुसरे घेतात आणि त्याचे परिणाम दुबळ्यांना सोसावे लागतात.

व्यासपीठाच्या मर्यादेविषयीही स्पष्ट असावे. अमक्याला मत दिले नाही तर देवाचा कोप होईल, प्रभुभोजन मिळणार नाही, असे म्हणणे हा मतदाराच्या विवेकावर घाला आहे. इंग्लंडने १८८३ च्या कायद्यात, मतासाठी कोणाला आध्यात्मिक इजा करण्याची धमकी देणे हा निवडणुकीतला गैरप्रकार ठरवला. खरे तर कायदा येण्याआधीच मंडळीने हे ओळखायला हवे होते.

मत आता गुप्त आहे. मालक ऐकत उभा नाही, यादी छापली जात नाही. पण गंमत नव्हे, चिंतेची गोष्ट ही की कायद्याने झाकलेले मत आपण आपल्या हाताने उघडे करतो, फोनवरच्या गटांत, मंडळीच्या गटातसुद्धा, आणि वर दुसऱ्या बाजूच्या लोकांना मूर्ख आणि विकले गेलेले ठरवतो. ब्रिस्टलच्या मतदाराला निदान एकदाच, कारकुनासमोर, बोलावे लागे.

म्हणून मतदानाआधीच्या आठवड्यात पाळकाने अशी बैठक जरूर घ्यावी, आणि मताधिकार नसलेल्या तरुणांनाही बोलवावे. कसोट्या शास्त्रातून मांडाव्यात, नावे मांडू नयेत. पण ब्रिस्टलच्या नोंदीत जी नाही ती दुसरी बैठकही घ्यावी, निकालानंतरच्या पहिल्या आठवड्यात. जिंकलेले आणि हरलेले अजून गरम असतात तेव्हा. तिथे उमेदवारांची चर्चा नको. गेल्या महिन्यात तू मंडळीतल्या कोणाबद्दल काय बोललास आणि त्याच्याकडे जाऊन आलास का, एवढेच प्रत्येकाला विचारावे. नव्याने निवडून आलेल्यासाठी, त्याला मत दिलेल्यांनी आणि न दिलेल्यांनी मिळून, नाव घेऊन प्रार्थना करावी. पहिल्या तीमथ्यात राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितले आहे, आणि ते लिहिले गेले तेव्हा तो राजा ख्रिस्ती नव्हता आणि त्याला निवडायला कोणी विचारलेही नव्हते.